रात्री लँडिंगच्या वेळी विमान पडलं तर कारण कसं शोधतात?

पहिलं म्हणजे ब्लॅक बॉक्स, जो खरं तर भडक केशरी असतो. असे दोन असतात, एकात उंची, वेग, इंजिन वगैरेचा डेटा आणि दुसऱ्यात कॉकपिटमधलं बोलणं, आणि हे दोन्ही सेकंदाला सेकंद जुळवून बघतात, म्हणजे वॉर्निंग वाजली तेव्हा पायलट काय बोलत होते ते कळतं. मलबाही बोलतो बरं का, इंजिनची पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली असली तर इंजिन धडकताना चालू होतं असं समजतात.

पण रात्रीची खरी गोम वेगळीच. रनवेच्या अलीकडे समुद्र किंवा ओसाड जमीन असेल, एकही दिवा नसेल, तर पायलटला आपण जास्त उंचावर आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली येत जातो, याला ब्लॅक होल इल्युजन म्हणतात. म्हणून तपासात हवामान, रनवेचे दिवे, आयएलएस (रेडिओ सिग्नलने विमानाला रनवेपर्यंत वाट दाखवणारी सिस्टीम) चालू होतं का, पायलटची झोप किती झाली होती, सगळं उकरतात.

उदाहरण म्हणजे ६ ऑगस्ट १९९७ ला ग्वाममध्ये पडलेलं कोरियन एअर ८०१, २५४ पैकी २२८ गेले. विमान ठणठणीत होतं!! ग्लाइडस्लोप (आयएलएसचा, किती उतारावर खाली यायचं ते दाखवणारा भाग) दुरुस्तीसाठी बंद, पायलट थकलेला, शिवाय विमान फार खाली आलं तर कंट्रोलरला सावध करणारी जमिनीवरची सिस्टीमही दाबून ठेवलेली, हे सगळं अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या तपासात निघालं. त्यामुळे पहिल्याच दिवशी टीव्हीवर "पायलटची चूक" म्हणतात ना, ते सोडून द्या.