माणसाचे शरीर आपोआप पेट घेऊ शकते का?

नाही, बाहेरून ठिणगी न लागता शरीर पेटल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे जुलै १९५१ मध्ये एका ६७ वर्षांच्या महिलेच्या देहाची खुर्चीसकट राख झाली, सपाता घातलेले एक पाऊल मात्र शाबूत राहिले, म्हणून ते प्रकरण गूढ ठरले. परंतु त्या रात्री झोपेच्या गोळ्या घेऊन त्या सिगारेट ओढत होत्या, ही गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही. कपडे पेटले की त्वचा फाटते, चरबी वितळून कापडात मुरते आणि समईच्या वातीसारखी आच तासन्‌तास टिकते; पावलांत चरबी कमी असल्याने ती उरतात. आगींच्या तपासातील तज्ज्ञ जॉन डिहान यांनी १९९८ मध्ये ब्लँकेटात गुंडाळलेल्या मृत डुकरावर हेच दाखवून दिले. मद्याने शरीर ज्वालाग्राही होते, ही जुनी समजूतही टिकत नाही, कारण जीवघेण्या नशेतही रक्तातील मद्यार्क एक टक्क्याच्या आतच असतो.