'जेल नाही, फक्त दंड' या ऑफरवर सही करायची घाई करू नका

ताई, तुमच्या भाच्याचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. अमेरिकेत स्टुडंट व्हिसा, दुकानात सेल्फ चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन केल्या नाहीत म्हणून चोरीचा आरोप, आणि सरकारी वकील म्हणतोय गिल्टी प्लीड कर, म्हणजे गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट राहिलास की केस डिसमिस. ११ वर्षांपूर्वी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी हेच ऐकलं होतं. मी वकील नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा हा फक्त अनुभव समजा.

वकील तुम्ही केलाच असेल, त्यात जात नाही. समोरच्या वकिलाला काय हवंय ते आधी समजून घ्या. आपल्याकडे सरकारी वकील नेमलेला असतो. इथे अलास्का, कनेक्टिकट, न्यू जर्सी अशी मोजकी राज्यं सोडली तर मुख्य प्रॉसिक्युटर निवडून येतो, बहुतेक ठिकाणी दर ४ वर्षांनी मतं मागतो, आणि प्रचारात सांगायला त्याला आकडा लागतो. प्ली, म्हणजे कबुली, झाली की एक कन्व्हिक्शन, म्हणजे दोषसिद्धी, जमा, खटला नाही, हरायची भीती नाही. डायव्हर्जन दिलं, म्हणजे गुन्हा कबूल न करता क्लास किंवा कम्युनिटी सर्व्हिस करून केस मागे घेतली, तर त्या आकड्यात काहीच पडत नाही. म्हणून माझ्या मते ते आपणहून पुढे करत नाहीत, मागावं लागतं. राज्यांच्या कोर्टात ९४ टक्के कन्व्हिक्शन प्लीवरच होतात, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या एका निकालात लिहिलंय.

माझं वर्ष निवडणुकीचं होतं, हायवेवर दुकानातल्या चोऱ्यांविरुद्ध प्रॉसिक्युटर साहेबांचे बोर्ड लागलेले. त्यांची ज्युनियर हातात फायलींचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली ऑफर आजच्यापुरतीच. बाबा फोनवर म्हणाले दंड भर आणि मोकळा हो. फॉर्मवर प्रत्येक ओळीपुढे इनिशियल्स टाकायचे होते, त्यात एक ओळ होती की तुम्ही नागरिक नसाल तर डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर हकालपट्टी, होऊ शकतं, मी तिथेही टाकले. माझा स्वस्तातला वकील शेजारी उभा होता, एक शब्द बोलला नाही.

वर्षाने केस डिसमिस झाली, मला वाटलं संपलं. पण इमिग्रेशन कायद्यात गिल्टी प्ली आणि त्यावर दंड किंवा प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीखालचा काळ) काहीही लागलं की ते कन्व्हिक्शनच, राज्याच्या कोर्टाने नंतर डिसमिस केलं तरी. पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करायला भारतात गेलो आणि ७ महिने नाशिकला अडकलो, नोकरी गेली. त्या प्रॉसिक्युटरच्या ऑफिसला किती मेल केले, उत्तर एकच, इमिग्रेशन आमचा विषय नाही. ज्यांच्या ऑफरने हे झालं त्यांनीच असं म्हणावं याचा राग अजून जात नाही. डिपोर्टेशनचा धोका वकिलाने सांगायलाच हवा असं सुप्रीम कोर्ट २०१० मध्ये म्हणालंय, पण वर्षांनंतर केस उघडणं फार अवघड आणि महाग.

निवडणूक झाल्यावर तीन महिन्यांनी आमच्याच डिपार्टमेंटमधल्या एका मुलाला त्याच ऑफिसने तशाच केसमध्ये डायव्हर्जन दिलं. एका उदाहरणावरून नियम काढत नाही, पण तारीख पुढे घेता येते का हे वकिलाला जरूर विचारा. दुकानाचं फुटेज मागवा, ऑफर फारच गोड असेल तर बऱ्याचदा त्यांची केस कच्ची असते. मात्र भाच्याने स्वतः वाद घालू नये, सगळं वकिलामार्फत. ऑफर नाकारली तर ते कलमं वाढवू शकतात. केंटकीत ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकसाठी ५ वर्षांची ऑफर नाकारणाऱ्याला शेवटी जन्मठेप झाली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं. त्याच्यावर जुने गुन्हे होते, तुमच्या भाच्यावर नाहीत, तरी सांगून ठेवतो.

आणि दुकानाकडून पैसे मागणारं वेगळं पत्र येईल, ते भरल्याने क्रिमिनल केस संपत नाही.

सहीआधी इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घ्या, क्रिमिनल वकिलाने 'काही होत नाही' म्हटलं तरी घ्या. कोर्टाची पुढची तारीख कधी आहे?