अंधारातले प्रश्न : ‘हेन्री’ बघून चिडलेल्यांचं टपाल

गेल्या महिन्यात एरंडवण्यातल्या आमच्या छोट्या फिल्म क्लबात ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सिरियल किलर’ हा 1986 सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला. शिफारस माझीच, त्यामुळे शिव्याही माझ्याच नावाने आल्या. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : शिकागोत एका कळकट फ्लॅटमध्ये हेन्री, तुरुंगातला जुना सोबती ओटिस आणि ओटिसची बहीण बेकी एकत्र राहतात. हेन्री माणसं मारतो, मग ओटिसलाही शिकवतो. गोष्ट एवढीच. आता पत्रं.

“तुमच्या शब्दाखातर सौभाग्यवतींना घेऊन आलो. पाऊण तासात दोघंही उठलो. ना कथा, ना पोलिस, ना शिक्षा. मारतो, जेवतो, पुन्हा मारतो. यात कला कुठे आहे, ते कृपया दाखवावे. चहा मात्र उत्तम होता.” — निवृत्त बँक अधिकारी, टिळक रस्ता

चहाची पोचपावती क्लबला कळवली आहे.

उठून गेलात यात काहीच गैर नाही. नको वाटलं की उठावं, तिकिटाच्या पैशात तो हक्क धरलेला असतो. पण तुमच्या पत्रात रक्ताबद्दल एक अक्षर नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तुमची तक्रार पोलिस नाहीत ही आहे. आणि ती रास्त आहे. एरवी खुनाच्या सिनेमात पहिला मुडदा पडला की दहाव्या मिनिटाला इन्स्पेक्टर येतो आणि आपण निमूट त्याच्या जीपमध्ये जाऊन बसतो. तिथून सगळं सोसवतं. इथे दिग्दर्शक जॉन मॅक्नॉटनने जीपच पाठवलेली नाही. दीड तास आपण खुन्याच्याच गाडीत.

कारण शोधायला गेलं तर तेही हाती लागत नाही. हेन्री बेकीला आपल्या आईच्या खुनाची हकिगत सांगतो तो प्रसंग तुमच्या वेळेत होऊन गेला असेल. पत्त्यांचं टेबल, दोघंच. आधी भोसकलं अशी बातमी असते, बोलता बोलता तो गोळी घातली म्हणतो. बेकी टोकते, तर हा हो हो, भोसकलंच, म्हणून पुढे जातो. रागही नाही, गडबडही नाही. नटाने, मायकल रूकरने, हे इतक्या सपाट आवाजात म्हटलंय की लहानपणी सोसलं म्हणून असा झाला, हा आपला नेहमीचा आधारही निसटतो.

तुम्ही चिडलात तसं अमेरिकेचं प्रमाणपत्र मंडळही चिडलं होतं. त्यांनी ‘एक्स’, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचा शिक्का, दिला आणि काटछाट करूनही उपयोग नाही असं सांगितलं, कारण अडचण एखाद्या दृश्याची नव्हती, एकूण सुराचीच होती. शिकागोच्या महोत्सवात 1986 साली दाखवलेला हा चित्रपट थिएटरांत यायला 1990 उजाडलं. त्याच वर्षी तिथे मोठ्यांच्या चित्रपटांसाठी ‘एनसी-17’ हा नवा वर्ग आला, आणि तो यावा म्हणून जी ओरड झाली तिच्यात या चित्रपटाचं प्रकरण होतंच. म्हणजे टिळक रस्त्यावरून तुम्ही एकटेच तक्रार करत नाही आहात.

“मॅडम, खरं सांगू? बोअर झालं. प्रिंट धुरकट, ॲक्टर कुणी ओळखीचे नाहीत, हिरोला एकच जॅकेट. आमचा ग्रुप दोन-तीनदा हसला तर एक काकू अंगावर आल्या. हॉरर बघून हसलं तर गुन्हा आहे का?” — इंजिनियरिंगचा विद्यार्थी, कात्रज

जॅकेटचं आधी सांगते, कारण तू नेमकं मर्मावर बोट ठेवलंयस. एकच होतं! ते रूकरचं स्वतःचं. खुनाच्या दृश्याआधी तो ते काढून ठेवायचा, कारण खराब झालं तर दुसरं आणायला पैसे नव्हते. सगळा चित्रपट साधारण 1 लाख 10 हजार डॉलरमध्ये, महिन्याच्या आत, 16 मिमीवर उरकलेला. धुरकट दिसतो तो त्या फिल्मच्या जाड दाण्यामुळे. मेरी डेमस नावाची एकच नटी यात वेगवेगळ्या बायका होऊन मरते, ते तुम्हा पोरांपैकी कुणी ओळखलं नाही. बघ बरं, बोअर झालं म्हणताना किती गोष्टी नजरेतून सुटल्या.

ही गरिबी पडद्यावर कामाला कशी आली ते सुरुवातीलाच दिसतं. खून दाखवायचा तर स्टंटवाले हवेत, नकली रक्ताच्या नळ्या हव्यात, दहा वेळा टेक घ्यायला कपडे हवेत. हे काहीच नाही. म्हणून प्रेत दाखवलं, स्थिर, कॅमेरा हळूहळू मागे सरकतो, आणि खुनाचा आवाज मागून ऐकू येतो. किंकाळी, झटापट, दूरच्या बोगद्यातून आल्यासारखी. डोळ्यांना सगळं संपलेलं दिसतं आणि कानांना आत्ता चालू आहे असं वाटतं. मी डबिंग थिएटरात उमेदवारी केली ती याच आवाजांच्या धंद्यात, आणि इतक्या स्वस्तात इतकं परिणामकारक काम मी क्वचित ऐकलंय.

आता हसणं. हसलास तर काही गुन्हा नाही, हसवायचंच होतं त्यांना. चोरीचे टीव्ही विकणारा तो जाडा, उर्मट माणूस आठवतो? त्याचा शेवट टीव्हीनेच होतो, तेव्हा हॉल हसला. मीही हसले. पुढे तो घरात घुसण्याचा प्रसंग येतो. व्हिडिओ कॅमेऱ्याने काढलेला, हलता, मातकट. आपल्याला वाटतं हे आत्ता घडतंय. मग कळतं की हेन्री आणि ओटिस सोफ्यावर बसून स्वतःच काढलेली टेप टीव्हीवर बघताहेत, आणि ओटिसला ती पुन्हा बघायची आहे. तू खुर्चीवर, ते सोफ्यावर, तिघंही तेच बघताय. त्या वेळी तुमच्या रांगेतून चकार शब्द आला नाही. मी मागेच कूलरजवळ बसले होते.

ब्रिटनच्या सेन्सॉरचे तेव्हाचे प्रमुख जेम्स फर्मन यांना हेच झेपलं नाही. व्हिडिओसाठी त्यांनी प्रसंग कापला तर कापलाच, वर सोफ्यावरच्या दोघांचा शॉट उचलून आधी नेऊन बसवला. म्हणजे ही टेप आहे हे प्रेक्षकाला लवकर कळावं, त्याला कुठेतरी टेकायला मिळावं. सेन्सॉरने दिग्दर्शकाच्या चित्रपटाचं संकलन करावं, ही मला ‘हेन्री’हून भयंकर गोष्ट वाटते. तिकडे अखंड आवृत्तीला मंजुरी मिळायला 2003 साल लागलं.

काकूंना माझ्याकडून सॉरी सांग. त्या भेटतील पुढच्या खेळाला.

“हे सत्य घटनेवर आहे का?” — गृहिणी, सिंहगड रस्ता

थोडंफार. हेन्री ली लूकस या माणसावरून सुचलेला आहे. त्याने शेकडो खुनांची कबुली दिली होती, पण त्यातल्या बहुतेक कबुल्या पुढे खोट्या निघाल्या. त्याच्यावर 11 खून शाबीत झाले, मृत्युदंडही सुनावला होता, तो 1998 साली जन्मठेपेवर आला आणि 2001 साली तो तुरुंगात मेला. बाकी पडद्यावर बघितलं ते कल्पनेतलं. पोस्टरवर ‘सत्य घटना’ असं छापलं की तिकिटं खपतात, एवढाच त्या दोन शब्दांचा अर्थ धरावा.

“मी 1976 साली एस. पी. कॉलेजात शिकत होते. आमच्या वाड्यात दिवेलागणीनंतर दाराला कडी आणि वर आडणा. दूधवाल्यालाही नाव विचारल्याशिवाय दार उघडत नसू. बाबांना यायला उशीर झाला की आई गॅलरीत. तुमच्या हॉलमध्ये पोरं पॉपकॉर्न खात हे बघत होती. ज्यांच्या घरात असं घडलं त्यांना तुम्ही हा सिनेमा दाखवाल का?” — आजी, सदाशिव पेठ

नाही दाखवणार. विचारणारही नाही.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तरुण वाचकांसाठी सांगते : जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे चौघं इथल्याच अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी, राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या काळात मी शाळेत होते. आमच्याकडे आजोबांनी दाराला भोक पाडून घेतलं होतं, बाहेर कोण आहे ते बघायला. सुताराला दार उघडावं की नाही यावरच आधी अर्धा तास वाद झाला. भीती होती ती अशी, घरगुती, आणि मारणारे सापडले तेव्हा ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. कारण ते राक्षसासारखे दिसत नव्हते. कॉलेजात जाणारी, चित्रं काढणारी पोरं. त्यावर 1986 साली ‘माफीचा साक्षीदार’ आला, नाना पाटेकर होते. आमच्या वडिलांनी पोस्टरकडेसुद्धा बघितलं नाही.

म्हणून तुमचा मुद्दा मला खोडायचा नाही, उलट त्याच्या जोडीला माझा एक ठेवते. ‘हेन्री’त मरणाऱ्या बहुतेकांना नावं नाहीत. ती बाई, तो दुकानदार, ते कुटुंब. येतात, मरतात, बहुतेक बायकाच. खुन्याला मोठं करायचं नाही म्हणून दिग्दर्शकाने त्याचं कारण काढून घेतलं, ते पटलं. पण मेलेल्यांचं सगळंच काढून घेतलं, ते मला आजही पटत नाही. आपल्याकडे जक्कल हे नाव लोकांना आठवतं, तरी खटला ओळखला जातो तो जोशी-अभ्यंकर म्हणून, ज्यांच्या घरावर ते ओढवलं त्यांच्या नावाने.

पॉपकॉर्नबद्दल मात्र पोरांना माफ करा. त्यांच्या दाराला कधी आडणा लागलेला नाही, याचं मला बरंच वाटतं.

“माझा मुलगा सोळा वर्षांचा. रात्री पांघरुणात मोबाइलवर असलेच सिनेमे बघतो. त्याच्या मनात काही विकृत तर नसेल?” — आई, कोथरूड

सिनेमे बघतो एवढ्यावरून तसं काही म्हणता येत नाही. त्या वयात भीती ही अंगावर घेऊन बघायची गोष्ट असते, आम्ही भुताच्या गोष्टींवर भागवलं. पण ‘हेन्री’ सोळाव्या वर्षासाठी नाही, हे ठामपणे सांगते. 2021च्या नियमांनुसार ओटीटीवर प्रत्येक चित्रपटाला वयाची खूण आणि 13 वर्षांपुढच्या वर्गाला पालकांचं कुलूप ठेवावं लागतं, ते लावा. आणि कुलूप लावलंय हे त्याला सांगून लावा. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र तुटले, तर मात्र समुपदेशकाकडे न्या, तेव्हा सिनेमाला दोष देत बसू नका. एखादा चित्रपट त्याच्या शेजारी बसून बघितलात तर दहा मिनिटांत तुम्हाला जास्त कळेल. बहुधा तोच कंटाळून उठेल.

“आम्ही पाच मित्र एक सिरियल किलर शॉर्टफिल्म करतोय. बजेट चाळीस हजार, त्यातले पंचवीस ड्रोन आणि लेन्सच्या भाड्याला. काही टिप?” — बीएमसीसीचा विद्यार्थी

ड्रोन परत कर. तुझा खुनी काय उडत जाणार आहे?

ते पैसे आवाजाला लाव. जॉन कार्पेंटर यांनी 1978 साली ‘हॅलोवीन’ हा भयपट सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास केला. संगीत आणि आवाज न चढवता तो एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला, तर त्यांना कणभरही भीती वाटली नाही. मग कार्पेंटर यांनी स्वतः पियानोवर ती धून बसवली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हिचकॉकच्या ‘सायको’त सुरीचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून काढला होता, आणि चित्रपट कृष्णधवल म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं. आम्ही कर्वे रस्त्यामागच्या एका डबिंग थिएटरात कोबी वापरायचो. बाहेरची पानं काढून गड्डा ओल्या टॉवेलात गुंडाळायचा, मग मुठीने मारायचं. टॉवेल कोरडा असेल तर नुसतं उशी झोडपल्यासारखं ऐकू येतं, पिळून घेतलेला हवा. हाड मोडायचं असेल तर सेलरी, मंडईत मिळाली नाही तर गाजर, पण ताजं, शिळं मऊ पडतं. माईक वीतभर अंतरावर, पंखा बंद. आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना दे.

दुसरं, लोकेशन. तुमच्यापैकी कुणाच्या तरी आजीचा रिकामा फ्लॅट असेलच, तोच घे. भिंतीवरचं कालनिर्णय, फ्रिजवरचा डॉयली, काहीही हलवू नकोस. सजवलेल्या खोलीत मला भीती वाटत नाही, राहत्या खोलीत वाटते. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी, नाहीतर पहिल्या किंकाळीला पोलिस येतील आणि ते खरे असतील.

फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेल्या श्रीराम राघवन यांनी 1991 साली रघुवीर यादव यांना घेऊन रामन राघव या मुंबईतल्या सिरियल किलरवर एक चित्रपट केला होता, साध्या व्हिडिओवर. तो शोधून बघ, पाचही जण मिळून. त्यात कॅमेरा चेहऱ्यासमोर किती वेळ थांबतो ते मोज. मग तुझ्या पटकथेतला पहिला खून किती पानांवर आहे ते मला कळव. तिसऱ्या पानाच्या आत असेल तर पुन्हा लिही.