सरकार बदललं तर माझ्या घराचं काय?

निवडणूक जवळ आली की पत्रांचा सूर बदलतो. एरवी हप्ता आणि मुदत विचारणारे वाचक ‘कोण येणार आणि आमचं काय होणार’ असं विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतो आहे.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. घर पसंत पडलं आहे, पण निवडणूक चार महिन्यांवर आहे. विरोधक आले तर गुंतवणुकीसाठी घरं घेणाऱ्यांच्या करसवलती जातील आणि किमती उतरतील, असं सगळे म्हणतात. थांबावं का?

ऑस्ट्रेलियात २०१९ साली नेमका हाच पेच होता. भाड्याने दिलेल्या घरातला तोटा पगारातून वजा करून कर वाचवण्याची सवलत यापुढे फक्त नव्या घरांपुरती ठेवू, असं विरोधी मजूर पक्षाने जाहीर केलं होतं. जनमत चाचण्याही त्यांच्याच बाजूने होत्या. सिडनी आणि मेलबर्नमधल्या किमती आधीच दीड-दोन वर्षं घसरत होत्या. १८ मेला मतदान झालं आणि मजूर पक्ष हरला. तीनच दिवसांनी बँकांवरच्या नियामकाने कर्जाची पात्रता तपासण्याची अट सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. जून आणि जुलैमध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने लागोपाठ दोनदा व्याजदर कमी केला. त्यानंतर किमती पुन्हा चढू लागल्या.

यात निवडणुकीचा वाटा किती आणि स्वस्त कर्जाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणूनच निकालावर पैज लावून घर घ्यायला किंवा सोडायला माझा विरोध आहे. तुम्हाला निकालाचा अंदाज करायचा, मग तो कायदा खरंच होईल का याचा, मग बाजार कसा वागेल याचा. तिन्ही अंदाज बरोबर यायला हवेत. त्यापेक्षा तुमच्या हातातली गोष्ट तपासा : दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तरी हप्ता निघेल का? निघत असेल, घर राहण्यासाठीच असेल आणि कागदपत्रं स्वच्छ असतील, तर निवडणुकीसाठी थांबू नका. निघत नसेल, तर कोणतंही सरकार आलं तरी ते घर आज तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : माझं कर्ज बदलत्या व्याजदराचं आहे. नवं सरकार आलं की व्याज कमी होईल ना?

बहुतेक देशांत व्याजदर मध्यवर्ती बँक ठरवते, अर्थमंत्री नाही. ब्रिटनमध्ये १ मे १९९७ ला सत्तांतर झालं आणि पाचच दिवसांनी अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी दर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला. पण सरकारचा हात तुमच्या हप्त्यापर्यंत पोहोचतच नाही, असं नाही. तो विश्वासाच्या वाटेने पोहोचतो.

त्याच ब्रिटनमधला २३ सप्टेंबर २०२२ हा दिवस पाहा. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी मोठी करकपात जाहीर केली, पण पैसा कुठून येणार ते सांगितलं नाही. सरकारी रोख्यांच्या किमती कोसळल्या, म्हणजे सरकारला कर्ज देणारे जास्त व्याज मागू लागले. काही दिवसांत कर्ज देणाऱ्या संस्थांनी गृहकर्जाच्या शेकडो योजना मागे घेतल्या. पहिली दोन वर्षं दर स्थिर ठेवणाऱ्या गृहकर्जाचं सरासरी व्याज पाच टक्क्यांच्या आतून दोन आठवड्यांत सहाच्या वर गेलं. ट्रस यांनी २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला. दर मात्र त्यांच्यासोबत लगेच खाली आले नाहीत.

उलट तुर्कस्तानात २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष तेच निवडून आले, पण अर्थखातं आणि मध्यवर्ती बँकेतली माणसं बदलली. मध्यवर्ती बँकेचा साडेआठ टक्क्यांचा मूळ व्याजदर मार्च २०२४ पर्यंत ५० टक्क्यांवर गेला. म्हणून पक्षाच्या नावापेक्षा, अर्थखात्यात कोण बसतं आणि पहिल्या अर्थसंकल्पात खर्चाची तोंडमिळवणी कशी केली आहे, तिकडे डोळे ठेवा.

आणि आज रात्री बसून एक हिशेब करा. २० वर्षांच्या कर्जाचं व्याज अगदी सुरुवातीलाच ८ वरून ९ टक्के झालं तर हप्ता साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. हप्ता तोच ठेवला तर मुदत पाच वर्षांहून जास्त लांबते. बँका पुष्कळदा मुदतच लांबवतात. हप्ता तोच दिसल्याने कर्जदाराला पत्ताही लागत नाही. कर्जाचा उतारा मागवून उरलेले महिने मोजा.

प्रश्न : मी भाड्याने राहते. सत्तेवर आलो तर भाडी गोठवू, असं एका पक्षाचं आश्वासन आहे. माझा फायदाच ना?

आज ज्या घरात आहात तिथे राहिलात तर बहुधा होईल. घर बदलायची वेळ आली तर कदाचित उलटं. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये बहुतेक जुन्या घरांची भाडी गोठवली. राहत्या भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण भाड्याने निघणारी घरं कमी झाली. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने कायदाच रद्द केला, कारण तो करण्याचा अधिकार बर्लिन राज्याला नव्हता. वाचलेला फरक घरमालकाला परत देण्याची वेळ अनेकांवर आली. दर महिन्याला जपून खर्च करणाऱ्या कुटुंबासाठी असा एकरकमी आकडा किती जड असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तेव्हा नियम आला तर त्याचा लाभ जरूर घ्या, पण न्यायालयात वाद चालू असेपर्यंत वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा.

प्रश्न : लाखो घरं बांधण्याची घोषणा झाली आहे. घरं स्वस्त कधी होतील?

लवकर नाही. जमीन, परवानगी, सांडपाण्याची जोडणी, गवंडी, सुतार यांपैकी काहीच घोषणेने तयार होत नाही. आज मंजूर झालेल्या प्रकल्पाची किल्ली पुष्कळदा पुढच्या निवडणुकीच्या सुमारास हातात येते. तुमच्या भागात किती परवानग्या दिल्या आणि किती पाये खोदले, तेवढंच विचारा.

प्रश्न : करसवलत मिळते म्हणून दुसरं घर कर्जाने घ्यायचा विचार आहे. नव्या सरकारने ती काढली तर?

काढू शकतं आणि पुढचं सरकार परतही आणू शकतं. न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या घरावरच्या कर्जाचं व्याज करातून वजा करण्याची सवलत ऑक्टोबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागली. २०२३ मध्ये सत्ता बदलली. एप्रिल २०२४ पासून ८० टक्के आणि एप्रिल २०२५ पासून पूर्ण व्याज पुन्हा वजा होऊ लागलं. साडेतीन वर्षांत नियम उलटा होऊन परत सुलटा झाला. मधल्या काळात ज्यांनी घाबरून घर विकलं त्यांना तो परत आल्याचा काहीच उपयोग नव्हता.

तुमच्या हिशेबात सवलतीच्या जागी शून्य लिहा. त्यात वर्षातला एक महिना घर रिकामं धरा, दुरुस्तीही धरा. त्यानंतर भाड्यातून आणि पगारातून हप्ता ओढाताण न होता भरता येत असेल, तरच सही करा.