गाडी वळली, वळवली की फिरवली?

प्रश्न असा: “बेळगावजवळच्या खानापूर भागात ‘मी गाडी वळली’ असं सर्रास ऐकू येतं. बरोबर काय, वळली की वळवली? आणि ‘गाडी फिरव’ म्हणजेही तेच का?”

दिशा बदलण्याच्या अर्थी ‘वळणे’ अकर्मक आहे. रस्ता वळतो, बस वळते, आपण पिरनवाडी क्रॉसला जांबोटीच्या रस्त्याला वळतो. (महाराष्ट्रात शिरलं की या क्रॉसचा फाटा होतो. बेळगाव शहरात चौकाला ‘खूट’ म्हणतात, शनिवार खूट, कांबळी खूट, ही आणखी वेगळीच तऱ्हा.) दुसऱ्या कशाची दिशा बदलायची तर ‘वळवणे’. म्हणजे ‘गाडी वळली’ बरोबर, ‘ड्रायव्हरनं गाडी वळवली’ बरोबर, ‘मी गाडी वळली’ चूक. वळवणारा कुणी असला की ‘व’ हवाच. म्हादईचं पाणी मलप्रभेत आपोआप वळत असतं तर कळसा-भांडुरा प्रकल्पावरून गोवा-कर्नाटकाचा वाद झालाच नसता; ते ‘वळवायचं’ आहे, म्हणून भांडण.

घोळ होतो तो ‘वळणे’ सकर्मकही असल्यामुळे. लाडू वळतात, दोरी वळतात, मुठी वळतात. तिथं हातानं आकार येतो किंवा पीळ बसतो, दिशेचा संबंध नाही. ‘आईनं लाडू वळवले’ म्हटलं तर ते परस्पर दुसऱ्याच घरी गेले असं वाटेल! गुरांचं मात्र निराळं. पिकात शिरणारं जनावर माघारी लावायचं, म्हणजे दिशाच बदलायची, तरी म्हणतात ‘गुरं वळणं’. जुना रुळलेला प्रयोग आहे, त्याला नियमात कोंबू नये.

आता ‘फिरव’. ‘गाडी वळव’ म्हणजे बाजूच्या रस्त्याला घे. ‘गाडी फिरव’ म्हणजे तिचं तोंड आलो त्या दिशेला कर, यू टर्न. कन्नडमध्ये ‘तिरुगु’ हे एकच क्रियापद वळणं, गरगर फिरणं, भटकणं या सगळ्यांना चालतं, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात असलेला माणूस सहज ‘उजवीकडं फिर’ म्हणून जातो. घरच्यांना कळतं. पत्ता सांगताना मात्र टाळा; ‘क्रॉसला फिरा’ ऐकून पाहुणा परत बेळगावात पोचायचा. गंमत म्हणजे कन्नड ‘तिरुगि’ आणि मराठी ‘फिरून’, दोन्हींचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो. ‘वळून’चा तसा होत नाही.

‘वळसा’ यात मिसळू नका. चोर्ला घाट बंद असला की गोव्याला अनमोडवरून वळसा पडतो: जायचं ठिकाण तेच, वाट लांबची.

राहिलं ‘वळतं करणं’. चिकोडी-निपाणीकडं हे ऊसबिलाच्या वेळी हमखास कानावर येतं. कारखान्याच्या बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापून घेतलं की ते ‘वळतं केलं’. लिहितानाही ‘कर्ज वळते केले’ असंच लिहा. ‘कर्ज वळवले’ लिहिलंत तर पिकाचा पैसा भलत्याच कामाला लावला असा अर्थ होतो, आणि सोसायटीचा सेक्रेटरी तुम्हाला बोलावून घेईल.