मोजणी पहाटे पूर्ण झाली

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर, ट्रम्प समर्थकांच्या जमावाने केलेला हल्ला माझ्या मुलीने माझ्या शेजारी बसून टीव्हीवर पाहिला. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आता पहिल्यांदा मतदान करणार आहे. हल्लेखोरांना माफी मिळाल्यापासून ती विचारते, ‘मत देऊन उपयोग काय?’ तिला काय सांगू?

उत्तर : तिचा राग रास्त आहे, तो समजूत घालून शमवू नका. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा पदावर आल्याच्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुमारे १,५०० जणांना माफी दिली आणि पोलिसांवर हात उचलल्याबद्दल दोषी ठरलेलेही त्या माफीमुळे सुटले. यावर पांघरूण घालून आशेच्या गोष्टी करणे मला जमणार नाही.

पण त्या दिवसाची रात्र तिला ठाऊक आहे का, हे विचारा. जमाव आत घुसला तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील मतांची अंतिम मोजणी सुरू होती. राज्यांकडून आलेली मतांची प्रमाणपत्रे ज्या लाकडी पेट्यांत होती, त्या सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी जीव मुठीत धरून बाहेर पडतानाही सोबत नेल्या. रात्री आठच्या सुमारास सिनेट पुन्हा भरली आणि पहाटे पावणेचारच्या आसपास बायडन ३०६ विरुद्ध ट्रम्प २३२ हा निकाल जाहीर झाला. (हल्ला होऊन गेल्यावरही दोन्ही सभागृहांतील १४७ सदस्यांनी निकालावरील आक्षेपाला साथ दिली, हेही तिच्यापासून लपवू नये.) त्याच रात्री तुमच्याच राज्याचे तेव्हाचे प्रतिनिधी अँडी किम घुमटाखालच्या दालनात गुडघे टेकून जमावाने टाकलेला कचरा पिशवीत भरत होते. त्या छायाचित्राने मला जो धीर दिला, तो कोणत्याही भाषणाने दिला नाही.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये या मोजणीचा कायदा बदलला. पूर्वी प्रत्येक सभागृहातील एकेका सदस्याच्या सहीवर आक्षेप घेता येई, आता दोन्हीकडचे एक-पंचमांश सदस्य लागतात; आणि ६ जानेवारी २०२५ रोजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी अध्यक्षस्थानावरून स्वतःच्याच पराभवाचे आकडे शांतपणे जाहीर केले.

मतदान केंद्रावर दिवसभर बसून नावे तपासायला माणसे लागतात आणि न्यू जर्सीत सोळाव्या वर्षापासून हे काम करता येते. मत देण्याआधी किंवा नंतर, तिला एकदा त्या टेबलामागे बसू द्या. रात्री घरी आल्यावर तिला पुन्हा तोच प्रश्न पडला, तर मला जरूर लिहा.