फोनमध्ये रॉम टाकणाऱ्या मुलाचं पुढे काय करायचं?

तासगावहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला. फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं, म्हणजे रॉम, टाकायचा त्याला नाद लागलाय. घरातल्या पडीक फोनवर त्याने लिनिएजओएस हे अँड्रॉइडवर आधारलेलं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, ते छान चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या चालू फोनवर, न विचारता, तेच केलं. वडिलांचं खत-औषधांचं दुकान आहे. फोनमधले उधारीच्या वहीचे फोटो गेले, बँकेचं ॲप उघडेना. त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. आई विचारतात, "हा नाद मोडावा की यातच त्याचं काही भलं होईल? आम्हाला त्याला इंजिनिअरिंगला घालायचंय. आता गल्लीतली पोरं लॉक झालेले फोन घेऊन त्याच्याकडे येतात, त्याचीही धास्ती वाटते."

ताई,

धास्तीच्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो, कारण ती आजच्या आज मिटवायला हवी. लॉक झालेला फोन उघडून द्या म्हणून जी मुलं येतात, त्यांना त्याने सरळ नाही म्हणायचं. स्वतःच्या फोनवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हा गुन्हा नाही. पण दुसऱ्याने आणलेला, बिल नसलेला, मालकाचं खातं अजून आत अडकलेला फोन चोरीचा असू शकतो, आणि तो उघडून देणारा अकरावीतला पोरगा त्या भानगडीत ओढला जातो. कुणी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बदलून मागितला तर तो फोन हातातसुद्धा घ्यायचा नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हे त्याला रागावून सांगू नका, समोर बसवून सांगा. तांत्रिक गोष्टी कळणाऱ्या मुलाला कायद्याची रेषाही कळते, फक्त ती कुणीतरी दाखवावी लागते.

आता मिस्टरांच्या फोनचं. दुसरी सिस्टीम टाकायची तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो, आणि तो करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. फोन चोरीला गेला तर चोराला बूटलोडर उघडून आतला मजकूर काढता येऊ नये, म्हणून. तसा स्पष्ट इशारा स्क्रीनवर येतो आणि फोन हो की नाही विचारतो. म्हणजे तुमच्या मुलाने तो इशारा वाचला आणि वडिलांच्या फोनवर हो दाबलं. बँकेचं ॲप बंद पडलं त्याचंही कारण यातच आहे. अशी ॲप्स फोनची मूळ सिस्टीम आणि बूटलोडरचं कुलूप शाबूत आहे का ते तपासतात, आणि शंका आली की चालायचं नाकारतात. लोकांच्या पैशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्यावर पळवाटा सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. दुकानाचे पैसे ज्या फोनवर येतात त्यावर त्यातलं काहीही करायचं नाही. कंपनीचं त्याच मॉडेलचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाकायचं, फोन नीट चालू झाल्याची खात्री करायची आणि मगच बूटलोडर परत लॉक करायचा. अर्धवट सिस्टीमवर लॉक केला तर फोन सुरूच होणार नाही. लॉक करतानाही सगळं पुन्हा पुसलं जातं, त्यामुळे दिवाळीनंतर फोनमध्ये आलेलं जे हवं असेल ते आधी बाजूला काढून घ्या.

मला त्याच्या उद्योगापेक्षा न विचारता करणं जास्त गंभीर वाटतं. या क्षेत्रात चालू सर्व्हरला परवानगीशिवाय आणि बॅकअपशिवाय हात लावला तर नोकरी जाते. घरात ही शिस्त लागली तर फार बरं. त्याच्याशी वाद घालायला तुम्हाला तांत्रिक ज्ञान लागणार नाही. पुढच्या वेळी तो केबल जोडून बसला की शांतपणे तीन गोष्टी विचारा. बॅकअप कुठे आहे? ही फाइल कुठून आणलीस आणि ती मधे कुणी बदललेली नाही हे कसं तपासलंस? बिघडलं तर परत जागेवर कसं आणशील? तिन्हींची उत्तरं पटकन आली तर त्याला बसू द्या. एखाद्यावर अडखळला तर केबल काढायची.

हे सगळं सांगितलं तरी नाद मोडा असं मी म्हणणार नाही. मुलाला खरोखर काहीतरी सापडलंय. जुन्या फोनवर लिनिएजओएस चालवणं म्हणजे त्याच मॉडेलची नेमकी फाइल शोधणं, इंग्रजीतल्या लांबलचक सूचना क्रमाने पाळणं, कमांड देणं, आणि फोन बूटलूपमध्ये अडकून लोगोवर फिरत राहिला तरी न घाबरता कुठे चुकलं ते शोधणं. अकरावीतल्या किती मुलांकडे एवढी चिकाटी असते? पण इथे एक फरक नीट समजून घ्या. आजवर त्याने दुसऱ्याने तयार केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याने लिहिलेल्या पायऱ्यांनी बसवलंय. तेवढ्यावर कुणी पगार देत नाही. पगार असतो तो 'हे असं का झालं' याच्या उत्तराला.

एक उदाहरण देतो, ते त्याला वाचून दाखवा. नवीन रॉम टाकल्यावर बऱ्याच फोनमध्ये बाकी सगळं चालतं, कॅमेरा मात्र नीट चालत नाही. का? अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकी सॉफ्टवेअर यांना जोडणारा गाभा, आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तो लिहायला घेतला. तो जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणून फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला करावा लागतो. त्याच जोरावर जगभरातली हौशी माणसं जुन्या फोनसाठी नवं अँड्रॉइड तयार करू शकतात. कॅमेऱ्याचा बराचसा भाग मात्र कर्नलच्या वर, कंपनीच्या बंद फाइलींमध्ये असतो आणि त्याचा सोर्स मिळत नाही. जुन्या अँड्रॉइडसाठी बनलेल्या त्या फाइली नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेताना सगळी झटापट होते. आपल्या फोनमधला कुठला भाग खुला आहे, कुठला बंद, हे त्याने शोधून दोन पानांत मराठीत लिहावं. ते त्याला जमलं तर मी त्याच्याबद्दल निर्धास्त होईन.

म्हणून कपाटाचं कुलूप काढा, पण अटी घालून. त्याचं यंत्र वेगळं, घराचं यंत्र वेगळं. दुकानात टॅली ज्या कॉम्प्युटरवर चालतं त्याच्याकडे त्याने फिरकायचंही नाही, कारण टॅली विंडोजसाठी आहे आणि तिथे प्रयोग म्हणजे दुकान बंद. त्याला लागेल तो जुना लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला जे लॅपटॉप चालत नाहीत, ते ओळखीपाळखीत आता स्वस्तात सुटतील. ४ जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती किंवा डेबियन, या मोफत लिनक्स सिस्टीम, त्यावर व्यवस्थित चालेल. पैसे घालायचेच तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. फोनची रॉम स्वतः सोर्सपासून बनवायचं खूळ त्याच्या डोक्यात आलं असेल, तर ते सध्या राहू दे. अँड्रॉइडच्या बिल्डसाठी गूगल ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम सांगतं. त्या पैशात त्याची एका वर्षाची फी निघेल. लिनक्स कमांड, सी भाषा, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि नेटवर्क कसं चालतं एवढं त्या जुन्या लॅपटॉपवर नीट शिकला तर दोन वर्षं पुरेल.

आणखी एक काम आपल्या मुलांच्या लक्षात येत नाही. लिब्रेऑफिस हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर मराठीत आहे. ते मराठीत वापरायचं, जिथे भाषांतर अवघडलेलं वाटेल तिथे सुधारणा सुचवायची. भाषांतराचं काम वेबलेट या वेबसाइटवर चालतं, तिथे खातं उघडून कुणालाही हातभार लावता येतो. कोड न लिहिताही जगभरच्या माणसांबरोबर काम कसं चालतं, आपली सूचना नाकारली तर नम्रपणे कसं बोलायचं, हे यातून कळतं. तासगावच्या मुलाचं मराठी चांगलं असणार, ही त्याची जमेची बाजू आहे.

यातून पोट कसं भरतं, हे तुमच्या मिस्टरांना हवं असेल. घरातला राउटर, स्मार्ट टीव्ही, गाडीतली स्क्रीन, बहुतेक सर्व्हर, सगळीकडे लिनक्स आहे. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. हे काम आपल्यापासून लांब नाही. पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी केपीआयटी आहे, लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीचं ऑफिस आहे. हार्डवेअरच्या जवळचं काम आवडलं तर एम्बेडेड (यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर), सर्व्हर सांभाळायला आवडले तर सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशन, आणि त्याच्या त्या कुलपांची ओढ टिकली तर सिक्युरिटी. कुठली वाट, ते आज ठरवू नका.

या सगळ्याचं दार मात्र बारावीच्या गणित-फिजिक्समधून आणि सीईटीमधून उघडतं. ते त्याला कडू लागलं तरी सांगाच. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७पासूनचं आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. त्याला एकदा तिथे घेऊन जा. आपल्यासारखीच वेडी मुलं सीईटीचा अभ्यास करून इथवर आली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं तर तुम्हाला रोज बोलावं लागणार नाही. तिथे नंबर लागला नाही तर कराडचं सरकारी कॉलेज आहे. शाखेबद्दल माझं मत असं, की कॉम्प्युटर मिळालं नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तर रडत बसू नये. फोनच्या आत डोकावणाऱ्या मुलाला सर्किट कळणं फायद्याचंच. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा पीजी डिप्लोमाही आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. अठरा पूर्ण झाली की गूगल समर ऑफ कोडला अर्ज करता येतो. खुल्या सॉफ्टवेअरवर काम आणि वर मानधन, असा तो कार्यक्रम २००५पासून चालू आहे. तोवर त्याने केलेल्या छोट्या छोट्या दुरुस्त्या आणि लिहिलेल्या नोंदी एका जागी जपून ठेवल्या, तर अर्जात दाखवायला खरंच काहीतरी असेल.

शेवटी पैशाचं. बारावीच्या आत 'एथिकल हॅकिंग'च्या महागड्या कोर्सच्या जाहिराती तुमच्यापर्यंत येतील, नोकरीची हमी लिहिलेली असेल. तिथे पैसे भरू नका. रेड हॅटची आरएचसीएसए नावाची परीक्षा आहे. तिच्यात पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, चालत्या मशीनवर कामं करून दाखवावी लागतात, म्हणून कंपन्या तिला मानतात. तीसुद्धा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या आधी देऊ नये. तोपर्यंत हे पैसे क्लासच्या आणि कॉलेजच्या फीसाठी राखून ठेवा.